फुलांवर चहाला येतात, पण बाळंतपणाला कुठे जायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बागकामाच्या सदरात एका वाचक ताईंचा प्रश्न होता, की कढीपत्त्याच्या कुंडीत हिरव्यागार जाड अळ्या पडल्यात आणि आठवड्यात अख्खं झाड खराट्यासारखं झालंय, काय करू. उत्तर छापलं होतं की अळ्या वेचून मारा, नाहीच आटोक्यात आलं तर कीटकनाशक फवारा. आणि गंमत म्हणजे त्याच पानावर, चार बोटं खाली, 'बाल्कनीत फुलपाखरं बोलवा' असा रंगीत चौकोन आणि त्यात झेंडू लावा, पेंटास लावा, एक्झोरा लावा वगैरे. म्हणजे वर मारा आणि खाली बोलवा. मी दोन्ही दोनदा वाचलं, चहा गार झाला, आणि म्हटलं आता पत्र लिहायचंच.

अहो, ती हिरवी जाड अळी म्हणजेच ते फुलपाखरू. दुसरं तिसरं काही नाही.

मी काही यातली एक्सपर्ट नाही. बँकेत कॅश काउंटरला आयुष्य गेलं, आता रिटायर, डोंबिवली पूर्वेला तळमजल्यावर राहते. खिडकीपुढे साधारण १२ फूट बाय ४ फुटाचा मातीचा पट्टा आहे, सोसायटीने तोंडी परवानगी दिलेला, आणि बारा-तेरा कुंड्या. एवढंच माझं राज्य. आणि खरं सांगायचं तर मीही सात-आठ वर्षांपूर्वी हेच केलंय जे तुमच्या सदरात छापलं. सासूबाईंनी फोडणीला कढीपत्ता आणायला सांगितला, मी फांदी ओढली तर बोटाला काहीतरी गार आणि लिबलिबीत लागलं, किंचाळलेच. ह्यांनी झाडूच्या काडीने टोचून बघितलं तर त्या अळीने डोक्यामागून दोन लालसर नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि सडक्या लिंबासारखा असा काही वास सुटला की सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या काय कुजलंय गं. मग काय, झुरळांचा स्प्रे आणला आणि सगळ्या मारल्या. नऊ होत्या, मी मोजल्या होत्या, कॅशियरची सवय. आणि मग पुढच्या महिन्यात मीच नर्सरीतून झेंडू आणले आणि शेजारणीला म्हटलं की आमच्याकडे हल्ली फुलपाखरंच येत नाहीत बाई, प्रदूषण किती वाढलंय.

हे सगळं कळलं ते नंतर. ठाण्याला घोडबंदर रोडला ओवळेकर वाडी म्हणून फुलपाखरांची बाग आहे, तिथे एका रविवारी नातवाला घेऊन गेले होते. मला वाटलं काचेच्या घरात ठेवली असतील फुलपाखरं. तर तसं काहीच नाही, उघडी वाडी, जाळी नाही काही नाही, आणि फुलपाखरं आपली आपण हिंडतायत. का, तर तिथे फुलझाडांइतकीच अशी झाडं लावलीत जी आपण बघून उपटून टाकू. रुई, कढीपत्ता, पानफुटी, ईश्वरीची वेल. तिथे मला पहिल्यांदा होस्ट प्लांट हा शब्द कळला. मराठीत खाद्य वनस्पती म्हणतात पण त्याने नीट कळत नाही, मी आपलं माहेर म्हणते.

कारण बघा, फुलावर फुलपाखरू येतं ते चहाला. दोन घोट मध घेतला, निघालं. त्याला झेंडू चालतो, सदाफुली चालते, रस्त्याकडेची घाणेरीसुद्धा चालते, कुठलंही चालतं. पण बाळंतपणाला कोणी कोणाच्याही घरी जात नाही ना. तिथे माहेरच लागतं, आणि प्रत्येकीचं माहेर ठरलेलं. लाइम बटरफ्लायचं लिंबू, कढीपत्ता, बेल. टेल्ड जेचं सोसायटीच्या भिंतीला लावलेला तो सरळसोट उंच अशोक, सीताफळ, सोनचाफा. कॉमन एमिग्रंटचं बहावा. कॉमन क्रो, ज्याला मराठीत हबशी म्हणतात, त्याचं कण्हेर आणि वड. टॉनी कोस्टरचं कृष्णकमळ. कॉमन बॅरनचं आंबा. कॉमन जेझेबेल, ज्याला हळदीकुंकू असं इतकं सुंदर नाव आहे (पंखाखाली खरंच हळद आणि कुंकू सांडल्यासारखं असतं), ते तर आंब्यावरच्या बांडगुळावर अंडी घालतं, म्हणजे ज्याला आपण शिवी म्हणून वापरतो त्याच्यावर. आता ह्या अळ्यांना दुसरं पान दिलं तर खात नाहीत, उपाशी मरतात. झेंडूचा अख्खा ट्रक आणून ओतलात तरी त्यातून एकसुद्धा लाइम बटरफ्लाय पैदा होणार नाही. हा साधा हिशोब आहे आणि तो फुलपाखरांच्या लेखात कुठेच नसतो.

मादी अंडं घालते ते एकदा उभं राहून बघा, वेळ काढून. मी भांडी घासता घासता खिडकीतून बघते. ती आधी भलत्याच झाडांवर उतरते, तुळशीवर, मोगऱ्यावर, पुढच्या पायांनी पानावर टपटप टपटप थापट्या मारते, पायांनीच चव घेते म्हणे, नाही म्हणून उडते, पुन्हा दुसरीकडे थापट्या. मग कढीपत्त्याचं कोवळं पान सापडलं की शेपूट वाकवून एकच अंडं चिकटवते आणि गेली. राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, फिकट पिवळं. एका पानावर एक, फारतर दोन, सगळी एका जागी नाही घालत. तीन-चार दिवसांनी त्यातून जी अळी निघते ती सुरुवातीला हुबेहूब चिमणीच्या शिटेसारखी दिसते, काळपट तपकिरी आणि मध्ये पांढरा डाग. म्हणजे पक्षी बघून म्हणणार, छे, हे तर आपलंच. कात टाकत टाकत शेवटी हिरवी होते आणि मग जे खात सुटते ते पाहुण्यांसारखं. सगळं नुकसान ह्याच चार-पाच दिवसांत होतं आणि तेव्हाच लोकांचं लक्ष जातं आणि तेव्हाच स्प्रे येतो. अजून जरा थांबलात तर ती स्वतःच खाणं बंद करते आणि चालायला लागते, भिंत, ग्रिल, कपड्याची दोरी, जिथे जमेल तिथे. विजेच्या खांबावरचा लाइनमन कसा कमरेला पट्टा लावून मागे रेलतो, तश्शीच ती रेशमाचा एक धागा कमरेभोवती घेऊन रेलते आणि कोष करते. आठ-दहा दिवस. आणि कढीपत्त्याला तोवर खालून नवीन फूट आलेली असते, माझं झाड गेल्या पाच वर्षांत निदान वीस वेळा उघडंबोडकं झालंय आणि अजून आहे, उलट दाट झालंय.

मी एक केलं, कढीपत्ते दोन लावले. एक आमचा, एक त्यांचा. आमच्यावरची अळी दिसली की फांदीसकट कापून त्यांच्यावर नेऊन ठेवते. सासूबाई आता नाहीत पण शेवटची दोन वर्षं त्याच मला सांगायच्या, तुझ्या त्या ह्या झाडावर एक आलीये गं, ने तिला तिच्या घरी.

आता ह्यातली सगळ्यात मोठी विसंगती सांगते. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू जाहीर केलं. स्वतःचं राज्य फुलपाखरू असणारं देशातलं पहिलं राज्य आपलं, आपण मिरवलं, पेपरात फोटो आले. नीलवंत म्हणा नाहीतर राणी पाकोळी म्हणा, तळहाताहून मोठं, काळं मखमली आणि त्यावर निळे पट्टे, दिसलं की माणूस चालता चालता थांबतो. त्याची अळी काय खाते? लिंबाच्या जातीची पानं. लिंबू, पपनस, रानातलं माकडलिंबू. तीही हिरवीच, तीही जाड, आणि तिलाही डिवचलं की लाल शिंगं निघतात. म्हणजे 'लिंबावर हिरव्या अळ्या, फवारा' असं जेव्हा आपण छापतो तेव्हा त्यात आपलं राज्य फुलपाखरूसुद्धा आलं. राज्यपक्षी हरियालबद्दल असा सल्ला छापून आला असता का?

शेतकऱ्यांचं वेगळं. नागपूरकडे संत्र्याच्या रोपवाटिकेत हीच अळी कोवळी रोपं फस्त करते, तिथे त्यांचं पोट आहे, त्यांनी काय करावं ते मी डोंबिवलीत बसून सांगणार नाही. पण तुमच्या आमच्या बाल्कनीतल्या एका कुंडीला शेतीचा नियम कशाला? दहा रुपयांचा कढीपत्ता भाजीवाला अजून भाजीवर फुकट देतो.

नर्सरीचं एक सांगायलाच हवं कारण ह्यात मी फसले आणि बाकीचे फसू नयेत. ओवळेकर वाडीहून आल्यावर उत्साहात मी एका नर्सरीतून मस्त तजेलदार लिंबाचं रोप आणलं, एकही पान खाल्लेलं नाही असं बघून बघून निवडलं. आठवड्यात त्यावर अंडी, मी खूश, नातवाला फोन. अंड्यातून अळ्या निघाल्या आणि दोन दिवसांत सगळ्या काळ्या पडून लोंबकळल्या. सहाच्या सहा. पुन्हा अंडी, पुन्हा तेच. मग नर्सरीतल्या माळ्याला विचारलं तर तो सहज म्हणाला, मॅडम आम्ही दर आठवड्याला मारतो ना औषध, त्याशिवाय एवढी चकाचक पानं राहतील का. म्हणजे मी माहेर समजून सापळाच लावला होता. तेव्हापासून मी एकही पान न खाल्लेलं रोप घेत नाही, चार भोकं असलेलं घेते, आणि नवीन रोप आलं की जुनी सगळी पानं गळून नवीन फूट येईपर्यंत त्यावर जुना मच्छरदाणीचा तुकडा टाकून ठेवते. ऑरगॅनिक म्हणून निंबोळी तेल मारतात लोक, त्यानेही अळ्या मरतातच, अळीला काय कळणार ऑरगॅनिक आहे म्हणून.

आणि आता रुईची गोष्ट, ज्याच्यासाठी खरं तर हात शिवशिवतायत. आमच्या कंपाउंडच्या भिंतीला एक रुई आपोआप उगवली होती, चांगली छातीएवढी झाली. शनिवारी आजूबाजूच्या बायका मारुतीला माळ करायला पानं न्यायच्या, मला काही वाटायचं नाही, भरपूर होती. पावसाळ्यात तिच्यावर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या यायला लागल्या. ही अळी बघितली नसेल तर बघाच, काळे पांढरे पिवळे पट्टे, जत्रेतल्या पिपाणीसारखी रंगीत, आणि अंगावर काळ्या शेंड्यांच्या तीन जोड्या. लपतसुद्धा नाही. कशाला लपेल, रुईच्या चिकातलं विष तिच्या अंगात, पक्षी एकदा चोच लावतो आणि जन्मात पुन्हा वाटेला जात नाही. कोष तर असा की दागिना, पोपटी आणि त्यावर सोन्याचे ठिपके, उलटा टांगलेला, सराफाकडे टांगला तरी खपेल.

तर गेल्या वर्षी गणपतीच्या आधी सोसायटीने गवत कापायला माणूस बोलावला, मशीन घेऊन. मी बाजारात गेलेली. परत येते तो रुई भुईसपाट आणि वरून पांढरा चीक वाहतोय. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, काकू ते विषारी झाड आहे, मुलं खेळतात, डोळ्यात चीक गेला तर जबाबदार कोण. आता चीक डोळ्यात जाऊ नये हे खरंय, ते मी नाकारत नाही, मीही हात लावला की साबणाने धुते. पण कण्हेर पण विषारी आहे आणि ती तुम्ही गेटच्या दोन्ही बाजूंना शोभेला लावलीये ना! ते म्हणाले ते वेगळं, ते फुलझाड आहे.

मी त्या कचऱ्याच्या ढिगात बसून अळ्या शोधल्या. अकरा सापडल्या, जिवंत. श्रीखंडाच्या डब्यात रुईच्या कापलेल्या पानांसकट ठेवल्या, झाकणाला भोकं पाडली, आणि रोज संध्याकाळी रेल्वे लाइनच्या बाजूला जाऊन ताजी पानं आणली, लोकांना वाटायचं काकूंनी मारुतीचा नवस धरलाय. अकरातल्या चार पार पडल्या. बाकीच्यांचं काय झालं तर दोन डब्यातच गेल्या, आणि पाच कोष झाले पण त्यातून फुलपाखराऐवजी बारीक माशा निघाल्या. त्या माशा अळी असतानाच अंडी घालून ठेवतात. तेही निसर्गातच आहे, बुलबुल उचलतो, गांधीलमाशी उचलते, त्यावर मी रडत नाही. मी मशीनवर रडते.

लहान जागा असेल तर काय, असं विचारणारे खूप भेटतात. एक पानफुटीचं पान मातीवर टाका. बस. तिला पाणी द्यायचं पण लक्षात राहिलं नाही तरी चालतं, मुतखड्यावर म्हणून अर्ध्या घरांत असतेच. तिच्यावर रेड पिएरो येतं, बोटाच्या पेराएवढं, काळं पांढरं आणि मागच्या पंखाला केशरी, टिकलीसारखं. त्याची अळी पानाच्या आत राहते, जाडजूड पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये पोखरत जाते, बाहेरून नुसता डाग दिसतो आणि आपण रोग लागला म्हणून पान तोडून फेकतो. कुंडीत आपोआप येणारी घोळ उपटू नका, तिच्यावर डॅनाइड एगफ्लाय अंडी घालतं, ज्याची मादी प्लेन टायगरची इतकी सही नक्कल करते की मी अजून फसते, विष नाही काही नाही नुसता वेष. घोळीची भाजी पण होते, वाटून घ्या दोघींनी. आंबुशीवर ती चिमुकली निळी येतात. ज्यांच्याकडे भिंत आहे त्यांनी ईश्वरीची वेल चढवा, तिच्यावर कॉमन रोझ. आणि एरंड उगवला तर असू द्या, त्यावर कॉमन कॅस्टर, फक्त बिया विषारी असतात, लहान मुलं असतील तर फळं धरली की काढून टाका.

शेजारचे म्हणतात अळ्या घरात येतील, खाज सुटेल. अहो खाजवणारे ते शेवग्यावरचे केसाळ सुरवंट, ते वेगळे, ते पतंगांचे, त्यांच्यापासून मीही लांब राहते. कढीपत्त्यावरची अळी हातावर घेतली तरी गुदगुल्यांपलीकडे काही होत नाही. माझा नातू घेतो, आणि शिंगं काढली की वास घेऊन खिदळतो.

एक गोष्ट राहिली. आमच्या भागात हल्ली नवीन टॉवर होतायत आणि त्यांच्या जाहिरातीत क्लब हाउस, जॉगिंग ट्रॅक आणि बटरफ्लाय गार्डन असं लिहिलेलं असतं. भाचीने फ्लॅट बघायला नेलं तेव्हा मी मुद्दाम ते गार्डन दाखवा म्हटलं. कापलेलं हिरवं लॉन, कडेने एकाच रंगाची हंगामी फुलं, मध्यभागी फायबरची दोन मोठी फुलपाखरं आणि भिंतीवर रंगवलेले पंख, त्यांच्यासमोर उभं राहून सेल्फी काढायचा. मी माळ्याला हळूच विचारलं इथे रुई, कढीपत्ता असं काही आहे का. तो म्हणाला छे हो, अळ्या पडतात. आता ह्याच्यापुढे काय बोलणार. भाचीने फ्लॅट घेतला नाही पण त्याचं कारण पार्किंग होतं.

तर संपादक साहेब, माझी मागणी फार मोठी नाही. तुमचं सदर घरोघर वाचलं जातं, लोक कात्रणं काढून फ्रिजला लावतात, मीही लावते. म्हणून पुढच्या रविवारी तेवढ्याच अक्षरात, त्याच जागी एक खुलासा छापा, की कढीपत्ता, लिंबू, बेल ह्यांच्यावर शिटेसारखी किंवा हिरवी गुळगुळीत अळी दिसली आणि शिंगं काढली तर ते फुलपाखरू आहे, मारू नका. शक्य असेल तर अळीचा फोटो पण छापा. नेहमी पंखांचाच फोटो छापता, म्हणून तर लोक ओळखत नाहीत. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर ते नोव्हेंबर आपल्याकडे ह्यांची खरी गर्दी असते, त्यामुळे खुलासा दिवाळी अंकानंतर वगैरे नको, आत्ताच.

आणि त्या प्रश्न विचारणाऱ्या ताईंसाठी दोन ओळी. ताई, अजून फवारलं नसेल तर थांबा, तुमच्या अळ्या जाड झाल्यात म्हणजे दोन-तीन दिवसांचाच प्रश्न आहे, मग त्या स्वतःच झाड सोडतील, ग्रिलवर आणि कपड्याच्या चिमट्यांवर बघत राहा. झाडाला फूट येईल, खराटा झालाय म्हणून उपटू नका, थोडं शेणखत घाला. आणि फवारलं असेलच तर निदान उरलेली पानं आमटीत घालू नका.

आपली,
एक वाचक, डोंबिवली पूर्व